कमळा नावाची टिटवी

नागभीडजवळच्या त्या खेड्यात कमळाला कमळा कोणी म्हणतच नसे. ती जन्मली त्या सकाळी टिटवी ओरडत घरावरून गेली आणि दुपारी जंगलात झाड अंगावर पडून तिचा बाप गेला. पोरीचं नाव टिटवी पडलं ते कायमचं. पुढे तरुणपणीच नवरा वारला, तेव्हा लोकांना आणखी खात्री पटली. मंगलकार्यात ती आपणहूनच मागे राहायची.

तिची लेक नूतन चंद्रपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवते. ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी ती म्हणाली, "माय, बाळाच्या कानात नाव तूच सांगजो."

"मी? नाई बाई. ते आत्याचं काम. अन् माहं नाव तुले मालूम हाय ना?"

नूतन बाळाला पाजत होती. पाजता पाजताच तिने रोमची गोष्ट काढली. तिथले पुरोहित पक्ष्यांवरून शकुन पाहत आणि त्यावर राज्याचे निर्णय ठरत. पुढे एका सम्राटाने जी पदवी घेतली, तिचं नातं त्या पुरोहितांच्या 'ऑगर' या नावाशी जोडतात. तीच पदवी मग महिन्याला मिळाली. "आपला ऑगस्ट तिथूनच आला, माय. लढाईच्या आधी ते कोंबड्यायले दाणे टाकत. खाल्ले तं शुभ."

"अन् नाई खाल्ले तं?"

"एका सेनापतीच्या जहाजावर नाईच खाल्ले. त्यानं चिडून कोंबड्या समुद्रात फेकल्या. मग लढाई हरला."

कमळाने बाळाचं दुपटं सारखं केलं.

"जहाजावर भोवळ आली असंन त्यायले," ती हळूच म्हणाली. "लढाईचं त्यायले काय मालूम? त्या टिटवीले तरी काय मालूम होतं वो, नूतन? अंडे असतीन तिचे, कोणी जवळ गेलं असंन." आणि ती पदर तोंडाला लावून रडली. आजवर कोणासमोर ती अशी रडली नव्हती.

दारात नूतनची सासू मीराबाई उभी होती. तिने सारं ऐकलं होतं. "चला विहीणबाई," ती म्हणाली, "पाळणा बांधून झाला."

आत्याने वाट करून दिली. शेजारच्या दोघी बाया मात्र उठून बाहेर गेल्या. कमळाने ते पाहिलं, तरी ती पाळण्यापाशी गेली. मग तिने खाली वाकून बाळाच्या कानाला तोंड लावलं.

"रंजीता," ती म्हणाली.

शब्द नीट फुटला नाही, म्हणून तिने पुन्हा म्हटलं.