खिशातला माफीनामा

आपल्यापैकी जो कुणी नोकरी करतो, त्याला कचेरीतली अशी एक खोली ठाऊक असते, जिथून बोलावणं आलं की घशाला कोरड पडते. लखनौच्या कानपूर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात ती खोली विश्वास देवस्थळींची होती. हवाई दलातली नोकरी पुरी करून ते इथे पर्सोनेल ऑफिसर झाले होते. शिस्त हाडीमांसी खिळलेली. त्यांच्या खोलीत माणूस यायचा तो मेमो घ्यायला, आणि जायचा तो मान खाली घालून. कामगार त्या बोलावण्याला ‘पेशी’, म्हणजे कोर्टापुढची हजेरी, म्हणत. विश्वासरावांच्या ते कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

शहाण्णव साली कारखान्यात नवे भागीदार आले आणि दारावरची पाटी बदलली. ‘पर्सोनेल’ जाऊन ‘ह्यूमन रिसोर्स’ आलं. विश्वासरावांच्या वर खात्याची प्रमुख म्हणून मृणाल केळकर आली. वय तिशीचं. रेल्वेतल्या इंजिनियरची लेक, लखनौतच वाढलेली. मराठी बोलायची ती हिंदीचा हात धरून. तिने आल्या आल्या एकेका कामगाराला नुसतं बोलायला बोलवायचं ठरवलं.

आणि गंमत झाली. जो येई तो बसण्याआधीच खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवी. माफीनामा! काय चुकलं ते ठाऊक नाही, कारणाची जागा कोरी, पण माफी तयार. इतक्या वर्षांची सवयच तशी पडली होती. विश्वासराव मिशीत हसले. याला म्हणतात धाक, त्यांना वाटलं.

त्याच सुमारास फाटकावर हजेरीचं यंत्र बसवायचं ठरलं. म्हणजे तिथे बसून हजेरी लिहिणाऱ्या टाइमकीपर जयसिंगचं काम संपलं. विश्वासरावांनी नोटिशीचा मसुदाही करून ठेवला. मृणालने तो वाचला आणि बाजूला ठेवला.

“पहले उनसे बात तो कर लें,” ती म्हणाली. “यंत्र हजेरी घेईल, अच्छा. पण या माणसाला हजेरी सोडून काही येतच नाही, हे आपण कसं ठरवलं?”

बोलण्याने जागा निर्माण होत नाहीत, असं विश्वासरावांनी सुनावलं. ती रागावली नाही. जयसिंगचा निर्णय तुमच्यावरच सोपवते, एवढंच म्हणाली, आणि ते उठताना म्हणाली, “मंगळवारी चार वाजता तुम्ही या हं माझ्याकडे.”

झालं! विश्वासरावांच्या घशाला कोरड पडली.

सोमवारी संध्याकाळी इंदिरा नगरच्या घरी सुनीतीबाई देवापाशी दिवा लावून बाहेर आल्या, तर यजमान मान मोडून काहीतरी लिहीत बसलेले. बाईंनी विचारलं तेव्हा कळलं, की माफीनामा आहे.

“अहो, पण केलंत काय?”

“ते अजून कळलेलं नाही.”

सुनीतीबाईंनी पदर तोंडाशी नेला, पण हसू काही लपलं नाही. मग नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून त्या शेजारी बसल्या.

“उद्या बडा मंगल, ज्येष्ठातला मारुतीचा मंगळवार,” त्या हळूच म्हणाल्या. “कोपऱ्यावर अन्नदानाचा भंडारा आहे, मी पुऱ्या वाढायला जाणार. माझा उपास असतो, पण त्या दिवशी भूक म्हणून लागत नाही. समोर रिक्षावाला येतो, साहेब येतो, कुणीही येतो. आपण एकच विचारतो, ‘भैया, और दें?’ तू कोण, काल काय चुकलास, हे मारुतीरायाच्या दारात कुणी विचारत नाही. तुमच्या खोलीत आलेल्याला तुम्ही कधी असं काही विचारलंत का हो?”

विश्वासरावांनी कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

मंगळवारी कारखान्याच्या फाटकाबाहेरही सरबताची पिंपं मांडलेली होती. त्यांना वळसा घालून विश्वासराव आत गेले, आणि चार वाजता मृणालसमोर बसले. हात खिशाकडे गेलाच होता, तेवढ्यात तिने विचारलं, “देवस्थळीजी, इथून पुढे तुम्हाला काय शिकायला आवडेल?”

इतकी वर्षं नोकरी झाली, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्यांनीही कुणाला विचारला नव्हता. ते खालच्या आवाजात म्हणाले, “कॉम्प्युटर. मला त्याची भीती वाटते.”

“चलो, वहीं से शुरू करते हैं,” ती म्हणाली, जणू त्यांनी काही मोठं काम करून दाखवलं होतं. “यंत्रं येत राहणार. हजेरी, पगार, रजा, सगळं ती सांभाळतील. मग आपल्या खात्याला उरेल काय? माणूस ओळखणं. ते यंत्राला जमणार नाही, आपल्याला जमायला हवं.”

मुलीच्या वयाच्या त्या बाईला मनातल्या मनात नमस्कार करून विश्वासराव बाहेर पडले. जयसिंगला त्यांनी बोलावलं नाही. स्वतः फाटकावरच्या त्याच्या खोलीपर्यंत चालत गेले.

साहेबांना दारात पाहून जयसिंग ताडकन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. त्याने खिशातून कागद काढला. “साहब, जो भी गलती हुई हो...”

विश्वासरावांनी आपल्या खिशातला, तसाच कारणाची जागा कोरी असलेला माफीनामा काढून त्याच्यापुढे धरला. जयसिंगने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि साहेबांकडे पाहतच राहिला.

“बैठिए, जयसिंगजी,” विश्वासराव म्हणाले, आणि बाकावर त्याच्या शेजारी टेकले. “मशीन आ रही है. आप क्या करना चाहेंगे?”

घरी विचारून सांगतो, म्हणाला तो. दुसऱ्या दिवशी भीत भीत त्याने सांगितलं, की नवा माणूस पहिल्या दिवशी फाटकात बावरून उभा राहतो, कुणाकडे जायचं कळत नाही. त्याला हाताशी धरून सगळं दाखवायचं काम मिळालं तर आवडेल. मृणालने त्याच दिवशी तसा हुकूम काढला. नोटिशीचा मसुदा विश्वासरावांनी स्वतःच्या हाताने फाडला.

उद्याच्या कचेऱ्यांत आपल्यापेक्षा हुशार यंत्रं येतील. येऊ देत बापडी. पण आपल्या हाताखालच्या माणसाला ‘काय चुकलं’ याच्या आधी ‘काय आवडेल’ हे विचारणं आपलंच काम आहे. ज्या दारात जाताना कुणाच्या खिशात माफीनामा नसेल, त्या दारात देवाचा वास असतो.