सेनापतींच्या मापाची रायफल

पलटणीच्या शिवणखात्याचे मास्तर सव्वीस वर्षं छावणीत नोकरीला होते, पण बंदुकीचा बार त्यांनी नेहमी लांबूनच ऐकला होता. त्यांच्या खोलीची मैदानाकडची खिडकी कायम बंद असायची. ती उघडली की धूळ आत येऊन पांढऱ्या अस्तरावर बसायची. शिवाय त्या खिडकीतून अधिकारी दिसायचे, आणि अधिकारी दिसला की मास्तरांची शिवण वाकडी जायची. स्वभावच तसा भित्रा. साहेबासमोर उभं राहिलं की त्यांच्या तोंडून 'होय साहेब' एवढंच निघायचं, कधीकधी तेही अर्धंच.

पावसाळा संपता संपता त्यांच्याकडे फाटके कोट यायला लागले. फाटके कोट येण्यात नवल काही नव्हतं. नवल हे होतं की सगळे एकाच जागी फाटलेले, उजव्या खांद्याला बाही जोडतो त्या शिवणीवर. पहिल्या आठवड्यात चाळीस आले. मास्तरांनी दोरा जाड केला. दुसऱ्या आठवड्यात शिवण शाबूत राहिली आणि शेजारचं कापड फाटलं. त्यांनी आतून दुहेरी पट्टी लावली, तर एक जाडजूड हवालदार कोट हातात नाचवत आला.

"मास्तर, तुमच्या पट्टीनं काखेत घासून साल निघालं बघा! आणि कोट फाटायचा तो फाटलाच."

"उजव्याच बाजूला कसा फाटतो, हवालदार?"

"डाव्या बाजूला रायफल धरत नाही ना कुणी," असं म्हणून हवालदार कोट टाकून गेला.

रायफलीचा विषय निघाला की छावणीत सगळे जरा जपून बोलत. कारण तसंच होतं. बादशहानं तहावर सही करायला नकार दिला, पाच प्रांत फुटून निघाले आणि त्यांचा एक देश झाला, तेव्हा त्या देशाकडे झेंडा होता, राष्ट्रगीत होतं, बंदूक मात्र नव्हती. आद्य सेनापती म्हणाले, उसनी बंदूक नको, आपली आपण बनवू. कारखान्यानं सहा नमुने बनवले, सहाही सेनापतींनी नापास केले. सातवा नमुना त्यांनी खांद्याला लावला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "वा! बसली!" झालं. तेव्हापासून 'रायफल नमुना सात' देशाची रायफल झाली. सेनापती साडेसहा फूट उंच होते ही गोष्ट त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आली नाही, आणि ज्यांच्या आली त्यांनी नोकरी सांभाळली. जवान आपापसात तिला 'शिडी' म्हणत. इतकी वर्षं ती बहुतेक संचलनापुरतीच खांद्यावर चढायची. पण या वर्षी नवे कर्नलसाहेब आले आणि त्यांनी हुकूम काढला, प्रत्येक जवानानं रोज चांदमारीवर, नेमबाजीच्या मैदानात, वीस काडतुसं झाडायची.

महिनाअखेर कर्नलसाहेबांचं पत्र आलं. तीनशे बारा कोट फाटले, सबब निकृष्ट शिलाईबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

मास्तर पत्र घेऊन घरी आले आणि चपला न काढताच खाटेवर बसले. पत्नीनं पत्र वाचलं.

"निकृष्ट? तुमची शिलाई? अहो, तुम्ही आपल्या लग्नानंतर शिवलेला माझा पहिला झंपर अजून उसवत नाही. मी त्यात मावत नाही ते सोडा."

"आता काय लिहू?"

"खरं काय ते लिहा."

"खरं काय तेच तर माहीत नाही!"

"मग जाऊन बघा की. कोट घरात फाटतात का? चांदमारीवर फाटतात. जरा उन्हात उभं राहून बघा म्हणजे कळेल."

तिला बोलायला काय जात होतं! पण ती बोलली की मास्तरांना ऐकावं लागायचं. दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप तसाच ठेवून ते चांदमारीच्या मैदानावर गेले आणि वाळूच्या पोत्यांमागे उभे राहिले.

दहा जवान ओळीत उभे होते. मास्तरांनी पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांना हसूच आलं. प्रत्येकाची मान कोंबड्यासारखी पुढे ताणलेली. उजवा हात चापापर्यंत पोचवायला प्रत्येकजण अंग वाकडं करून उभा. रायफलीचा लाकडी दस्ता खांद्याच्या खोबणीत बसायला हवा, तो तिथे मावतच नव्हता. सरकून बाहेर, थेट दंडावर, नेमका बाहीच्या शिवणीवर टेकला होता. बार झाला. दहा दस्त्यांनी दहा शिवणींना लाथ घातली. गोळ्या कुठे गेल्या ते कुणालाच कळलं नाही.

मास्तरांचं हसू मावळलं. ढगळ कोट घातलेला माणूस त्यांना शंभर पावलांवरून ओळखू यायचा, आणि समोर दहा माणसं ढगळ रायफली घालून उभी होती.

ते तडक शस्त्रागारात गेले. तिथे आर्मरर, म्हणजे त्यांचे मेहुणे, पत्नीचे थोरले भाऊ, एका रायफलीला तेल पाजत बसले होते. आर्मररांची रायफलीवर फार भक्ती. घरी पाण्याचा पेला विसळणार नाहीत, पण रायफलीची नळी दिवसातून दोनदा पुसणार. चण मात्र बेताची. रायफल शेजारी उभी केली की कोण कुणाला सांभाळतंय ते सांगणं कठीण.

मास्तरांनी टेप काढला आणि चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत लावला. साडेसोळा इंच.

"भावजी!" आर्मरर ताडकन उठले. "रायफलीला टेप लावता? ही काय विजार आहे?"

"हात वाकवा जरा," असं म्हणत मास्तरांनी मेहुण्यांच्या कोपरापासून बोटापर्यंत टेप धरला. "साडेबारा. मेहुणे, ही तुम्हाला चार इंच मोठी होते."

"रायफल मोठी नाही. रायफल बरोबर आहे. माणसं आखूड निपजतात त्याला रायफल काय करणार?"

"माणसं तर कापता येत नाहीत."

"आणि रायफलीला कात्री लावाल तर मला बहीण नाही असं समजेन!"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. मास्तरांनी घरी जाऊन वडिलांची जुनी मापांची वही काढली. वडील राजधानीत शिंपी होते आणि आद्य सेनापतींचे कोट तेच शिवत. त्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, कोपर ते तर्जनी, साडेसोळा. रायफलही साडेसोळाच भरली होती. मग त्यांनी खुलासा लिहायला घेतला. सात कागद फाडले. आठव्यावर एकच ओळ उतरली: 'शिलाई बरोबर आहे. रायफल मोठ्या मापाची आहे.'

तो कागद कर्नलसाहेबांनी वाचला आणि गरम निखारा हातात आल्यासारखा वर ढकलला. वरच्यांनी आणखी वर ढकलला. तिसऱ्या आठवड्यात राजधानीहून एक ब्रिगेडियर चौकशीला आले. उंची पाच फूट दोन इंच, मिशा मात्र सहा फुटी माणसाच्या. सगळी पलटण चांदमारीवर उभी केली. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला छातीशी रायफल धरून आर्मरर.

"आद्य सेनापतींची रायफल चुकीची आहे असं म्हणणारा शिंपी कोण?" ब्रिगेडियर गरजले.

मास्तरांची बोबडी वळली. "हो... हो..." एवढंच निघालं.

"रायफल द्या इकडे! ती कशी धरतात ते मी दाखवतो."

आर्मररांनी अभिमानानं रायफल दिली. ब्रिगेडियरांनी ती खांद्याला लावली. ती खांद्यावरून दंडावर घसरली. त्यांनी मान ताणली, टाचा उचलल्या, आणि जिद्दीनं चाप ओढला.

धडाम झालं. त्यापाठोपाठ टर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. ब्रिगेडियर जमिनीवर बसलेले होते, टोपी पाठीमागे पडली होती, आणि कोटाची उजवी बाही खांद्यापासून सुटून कोपराशी गोळा झाली होती. निशाणाचा फळा जसाच्या तसा होता. त्याच्यापासून बऱ्याच अंतरावरच्या खांबावरचा कंदील मात्र फुटला.

आर्मरर धावले ते रायफलीला लागलं का बघायला. कर्नलसाहेब जागचे हलेनात. आणि मास्तर? मास्तरांना फक्त उसवलेली बाही दिसली. पाय आपोआप चालायला लागले. कॉलरमागची सुई निघाली, तोंडात टाचण्या गेल्या.

"उभे राहा," मास्तर म्हणाले.

ब्रिगेडियर उभे राहिले.

"हात वर. अहो, तो नाही, उजवा. हं. आता हलू नका, टोचेल."

ब्रिगेडियर हलले नाहीत. सव्वीस वर्षं अधिकाऱ्यांपुढे ज्याची वाचा बसत होती, त्या माणसासमोर आता अधिकारी नव्हताच, गिऱ्हाईक होतं. आणि मास्तर कुठल्याच गिऱ्हाइकाचं ऐकून घेत नसत.

"कोट चांगला शिवलाय," टाचण्यांमधून मास्तर पुटपुटले. "शिंप्याला बोल लावू नका. कोपर वाकवा. बारा इंच. साहेब, तुमचा हात बारा इंचांचा आणि ही रायफल साडेसोळाच्या हाताची. दुसरं काय होणार?"

"साडेसोळा?" ब्रिगेडियर हात वर ठेवूनच म्हणाले. "असा हात कुणाचा असतो?"

"आद्य सेनापतींचा होता. माझ्या वडिलांच्या वहीत आहे."

हे ऐकून ब्रिगेडियरांच्या मिशा खाली आल्या. ते हळूच म्हणाले, "मास्तर, मला कळलं हो. दंड ठणकतोय, कळणार नाही का? पण सेनापती चुकले असं मी अहवालात लिहिलं तर माझी बदली कुठे होईल ते नकाशावरसुद्धा सापडणार नाही."

मास्तरांनी दोरा दातांनी तोडला. "चुकले कुठे ते? त्यांचा कोट माझ्या वडिलांनी शिवला होता. तो तुम्ही घातलात तर गुडघ्यापर्यंत येईल. म्हणून तो कोट चुकीचा ठरतो का? तो त्यांचा होता, एवढंच. करा हात खाली."

ब्रिगेडियरांनी हात खाली केला, दोनदा फिरवून पाहिला. बाही चोख बसली होती. मग त्यांनी कारकुनाला बोलावून तिथल्या तिथे मजकूर सांगितला. रायफल नमुना सात निर्दोष आहे. मात्र तिचा लाकडी दस्ता जवानाच्या अंगाला लागत असल्यामुळे तो यापुढे गणवेशाचा भाग समजावा, आणि त्याची अल्टरेशन शिवणखात्याने करावी.

हा हुकूम ऐकून कर्नलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून पलटणीनंही वाजवल्या. आर्मरर मात्र रायफल काखोटीला मारून शस्त्रागारात गेले आणि आतून कडी लावून बसले.

पुढच्या सोमवारी मास्तरांच्या खोलीत पहिल्या चाळीस रायफली आल्या. मास्तरांनी मापं घेतली, खडूनं रेघा मारल्या आणि करवत हातात घेतली. करवत लाकडात शिरायलाच तयार नव्हती. ढकलली की अडायची, ओढली की नाचायची. तेवढ्यात दाराशी आर्मरर उभे दिसले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बहिणीनं सकाळीच घरी जाऊन चांगलं खडसावलं होतं, हे मास्तरांना नंतर कळलं.

"कुठे रेघ मारलीय ती?" आर्मरर कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "माप तेरा आणि रेघ साडेतेरावर?"

"अर्धा इंच शिवणीला जादा."

"लाकडाला शिवण नसते, भावजी!"

"पुढेमागे जवान वाढला तर सोडता येईल म्हणून..."

"सोडता येईल? दस्ता सोडता येईल?" आर्मररांनी करवत हिसकावून घेतली. "बाजूला व्हा. तुम्ही एकेकाची कापडासारखी चिरफाड कराल. माप तुम्ही सांगा, कापतो मी."

पहिल्या दस्त्यावर करवत ठेवताना त्यांनी डोळे मिटून घेतले. दहाव्या दस्त्याला डोळे उघडे होते. विसाव्याला ते मास्तरांना टेप कसा धरावा ते शिकवायला लागले, आणि मास्तरांनी ते ऐकून घेतलं.

महिन्याभरात चांदमारीवर फळ्यांना भोकं पडायला लागली. हवालदाराचा कोट पुन्हा आला तो फक्त पोटावर सैल करायला. कर्नलसाहेबांनी मास्तरांना बोलावून खुर्ची दिली. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले आणि 'होय साहेब' एवढंच म्हणाले. पण या वेळी पूर्ण म्हणाले.

आर्मररांनी स्वतःची रायफल मात्र कापू दिली नव्हती. एका दुपारी मास्तरांनी ती गुपचूप उचलली, मेहुण्यांचं माप त्यांना तोंडपाठ होतंच, आणि आता करवतही थोडीफार वश झाली होती. दस्ता कापून, टोक घासून, रायफल होती तिथे ठेवून दिली. मग घरी येऊन पत्नीला सांगितलं की उद्यापासून तुला भाऊ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदमारीवरून पाच बार ऐकू आले, सावकाश, एकामागून एक. थोड्या वेळानं आर्मरर खोलीच्या दारात आले. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात निशाणाचा कागद. कागदाच्या मधोमध पाच भोकं होती, रुपयाखाली झाकली जातील इतकी जवळजवळ. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा नेम पहिल्यांदाच लागला होता. त्यांनी कागद मास्तरांसमोर पसरला.

मग आर्मरर म्हणाले, "भावजी, खांद्याशी किंचित टोचतेय. आणखी पाव इंच काढता येईल का?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, माप घेतलं आणि दस्त्यावर खडूची बारीक रेघ ओढली.

"ठेवून जा," ते म्हणाले. "गुरुवारी ट्रायलला या."