जिन्यातला लोण्याचा वास

नवरा जाऊन वर्ष होत आलं, तरी संध्याकाळी जिन्यातून लोण्याचा वास आला की तिला क्षणभर तोच आला असं वाटायचं. भूत नव्हतं ते, धाकटा दीर होता. पाकीटबंद पॉपकॉर्नच्या कारखान्यात, लोण्याचा कृत्रिम स्वाद गरम करून ढवळतात त्या खोलीत, तो भावाच्याच जागी लागला होता. त्या खोलीत खऱ्या लोण्याचा थेंब नव्हता. नुसती वाफ होती, आणि त्या वाफेनं नवऱ्याची फुप्फुसं खाल्ली. जन्मात विडीला न शिवलेल्या माणसाच्या प्रेतासमोर कारखान्याचा डॉक्टर तोंड वर करून म्हणाला, "विड्या ओढत असणार."

"वहिनी, नाक मुरडू नकोस," दीर रोज दारातून म्हणायचा, "फुकटचं अत्तर आहे."

आज वास आला, पण दीर आला नाही. ती खाली उतरली. मधल्या मजल्यावर तो खिडकीचा गज धरून उभा होता.

"काय बघतोयस?"

"कबुतरं." एवढं बोलूनही त्याला धाप लागली.

बाहेर एकही कबुतर नव्हतं. नवराही याच खिडकीशी थांबायचा, कबुतरं बघतोय असंच सांगायचा, आणि तिला ते खरं वाटायचं.

तिनं दिराच्या अंगातला कारखान्याचा कोट ओढून काढला आणि खिडकीतून खाली भिरकावला. "उद्यापासून तिकडे जायचं नाही."

"मग घर कसं चालायचं, वहिनी?"

"कसंही चालेल. तू आधी जिना चढ."

तो चढू लागला. कोट खाली पडला होता, तरी वास त्याच्यासोबत वर येत होता.