हातावरचं ऊन

सुई आधी डावीकडे पडली, मग उचलल्यासारखी होऊन मधेच थरथरत राहिली. काडेपेटीएवढा, उजेड मोजायचा काळा मीटर, त्याच्या काचेवर एक बारीक चरा, आणि चऱ्याखाली ती केसासारखी सुई… स्नेहलचा उजवा हात मीटरपुरता शालीबाहेर होता; डावा आत, काखेत दाबलेला. निफाडकडची जानेवारीतली थंडी, बोटं आपली आहेत की दुसऱ्या कुणाची हे कळू नये अशी. समोर नांदूरच्या बंधाऱ्याचं पाणी शाईसारखं, आणि त्यावर शंभरेक चमचे पक्षी, पळीसारख्या चोची पाण्यातून डावीउजवीकडे फिरवत. त्यांच्या अधूनमधून बगळे, हलायचंच नाही असं ठरवून उभे.

"हात धरलास?" तिच्या वडिलांनी, अण्णांनी, कॅमेऱ्यामागून विचारलं.

"हो."

धरला नव्हता.

अण्णांची रीत साधी होती. पांढरा पक्षी काळ्या पाण्यावर असला की पाण्याला विचारायचं नाही. पाण्याला उजेड नेहमी कमीच वाटतो. ते म्हणणार, भिंग अजून उघडा, आणि उघडलं की पिसं जळाली, पक्ष्याच्या जागी नुसतं भोक. म्हणून पक्ष्यावर पडलंय त्याच उन्हात आपला तळहात धरायचा, मीटर त्याच्याजवळ न्यायचा, आणि हात सांगेल तो आकडा लावायचा; आकडा जितका लहान, तितकं भिंग जास्त उघडं. हा हात स्नेहलचा असे, ती तिसरीत होती तेव्हापासून. मोतीबिंदू वाढल्यावर, म्हणजे गेलं वर्षभर, आकडा वाचायचं कामही तिच्याकडेच आलं होतं. तिनं मोठ्यानं सांगायचं, आणि अण्णांनी भिंगावरची कडी बोटांनी खटके मोजत फिरवायची.

"पाच पॉइंट सहा," तिनं पाण्याकडे रोखलेला मीटर वाचून सांगितलं.

कडी फिरता फिरता थांबली. "एवढं? या उन्हात?"

"दिसतंय ते सांगतेय, अण्णा."

शेजारी राखणदार दत्तू उकिडवा बसला होता. वनखात्याची दुर्बीण गळ्यात आणि मफलर डोळ्यांपर्यंत. "साहेब, बगळा कवाचा तयार हाय. तुमचंच आवरंना."

अण्णा हसले. "बरं," ते म्हणाले. दत्तूला म्हणाले की तिला, ते तेव्हा कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. त्यांनी कडी आणखी दोन खटके फिरवली आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो त्याच आकड्यावर काढले. येताना सायखेड्याला गाडी थांबली तेव्हा भजी खाल्ली. कागदाला तेलाचे हात पुसत म्हणाले, "आजचा रोल बघ तू, स्नेहू." तिच्या डोक्यात कॉलेजचे तपासायचे पेपर होते. ती "हं" म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं हाक मारली तेव्हा अण्णा बेसिनजवळच्या स्टुलावर बसलेले होते, अर्ध्या गालाला साबण, मान भिंतीला टेकलेली. फेस अजून विरला नव्हता. आईनं तो पदरानं पुसला, अगदी सावकाश, कानाच्या पाळीपर्यंत.

याला वर्ष झालं. परवा वर्षश्राद्ध झालं, काल पाहुणे गेले, आणि आज स्नेहल पहिल्या गाडीनं पुन्हा इथे आली होती. तोच बांध, तसंच पाणी, चमचेही बहुधा तेच. अण्णांचा कॅमेरा गळ्यात इतका जड लागत होता की मानेला नुसता पट्टाच नाही, तर त्यांनी इतकी वर्षं तो कसा पेलला हा विचारही रुतत होता. पर्समध्ये त्या रोलमधली एक स्लाइड होती. ती काढून तिनं आभाळाकडे धरली. निळंकाळं पाणी, बारीक लाटा, गवताचं पातं न् पातं, आणि मधोमध कुणी कात्रीनं कापून काढावा तसा पक्ष्याचा आकार. आत काही नाही. पीस नाही, सावली नाही, डोळासुद्धा नाही… त्या भोकातून आजचं आभाळ दिसत होतं.

स्लाइडा मुंबईहून धुऊन आल्या त्या तेराव्यानंतर. स्टुडिओवाल्या चंदरनं काचेखाली दिवा लावून एकेक मांडली. "जाऊ द्या ताई," तो म्हणाला, "साहेबांची नजर गेलीच होती हो शेवटी."

तिनं तेव्हा बोलायला हवं होतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, चंदर परका नव्हता, वाक्य चार शब्दांचं होतं. आणि तिनं काय केलं, तर पिशवीची नाडी बांधली.

नजर… अण्णा छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तपासनीस होते. टपालाच्या तिकिटांचा अख्खा ताव समोरून सरकायचा, आणि शंभर तिकिटांतल्या एकाची कडा केसभर सरकलेली असली तरी त्यांचं बोट नेमकं तिथे पडायचं. घरी याच नजरेचा जाच होता. भांग वाकडा, तांदळात खडा, स्नेहलच्या वहीतला मिटवून पुन्हा लिहिलेला शब्द, काहीच सुटायचं नाही. आणि आता आई येणाऱ्याजाणाऱ्याला त्या स्लाइडांबद्दल सांगायची, "डोळ्यांनी फसवलं बाई त्यांना. मरायच्या आदल्या दिवशी." हे सांगताना तिला रडू यायचं. स्नेहल पाहुण्यांपुढे चहाचे कप ठेवत असायची. एक कप, दुसरा कप… आणि दर कपागणिक ते न बोललेलं वाक्य आणखी एक पायरी खाली उतरायचं.

पण फसवलं कुठे? त्यांना तर दिसलं होतं. एवढं, या उन्हात, असं विचारलं होतं त्यांनी. ऊन त्यांना कळलं होतं. त्यांनी फक्त स्वतःपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवला.

"एकट्याच आल्या व्हय?" मागून दत्तू आला. तोच मफलर. तो शेजारी उकिडवा बसला, दुर्बीण डोळ्यांना लावली, काढली. "साहेब गेल्याचं कळलं मला. लय वाईट झालं. कोन पक्षी कुठं उतरनार, ते त्याला ठाऊक नसायचं, पन साहेबांना असायचं." पुढे म्हणाला, "तो शेवटचा रोल वाया गेला म्हनं? गेल्या म्हैन्यात तुमचा चंदर आला हुता, त्यो सांगत हुता. डोळ्यांनी दगा दिला म्हनं."

ऊन आता पाण्यावर पुरतं आलं होतं. एका चमच्यानं पंख उघडले आणि मिटले. स्नेहलनं शाल सारली आणि डावा हात बाहेर काढून उन्हात धरला. थंडी बोटांच्या पेरांत टाचणीसारखी घुसली. मीटर तळहाताजवळ नेला. सुई उचलली, थरथरली, स्थिर झाली. अकरा.

"डोळे चांगले होते," ती म्हणाली. "आकडा मी चुकीचा सांगितला. हात बाहेर काढलाच नाही, पाण्यावरचं वाचून दिलं."

दत्तूनं दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाला, "थंडीच तेवढी हुती ताई त्या दिशी. मलाबी याद हाय. कोन काढंल हात?"

वर्षभर जपलेलं वाक्य बाहेर पडलं होतं, आणि आता बांधावरून उठून घरी जाता आलं असतं. घरी जाऊन आईलाही हेच सांगता आलं असतं, आणि आईही हेच म्हणाली असती. थंडी होती. पण सुटल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. त्या वाक्याच्या मागे दुसरंच काहीतरी उभं होतं, त्या बगळ्यांसारखं, कधीपासून, न हलता. हात उन्हात तसाच होता. रेषा न् रेषा दिसत होती.

"नाही, दत्तूभाऊ," ती म्हणाली. "थंडीमुळे नाही. मला त्यांचा कंटाळा आला होता."