सोमवारच्या गोळ्या

जुईनगरला साबळ्यांच्या बाथरूममध्ये दोन तांबे असत. एक घरातल्यांचा, दुसरा सुचित्राचा. ती घरची सून. पण तिला सोरायसिस होता. कोपरांवर, गुडघ्यांवर, केसांच्या कडेला लाल चट्टे आणि त्यांवर चंदेरी पापुद्रे. ती उठली की सासूबाई, बयाबाई, झाडू घेऊन तिची जागा झाडायच्या आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "कोंबडीची पिसं परवडली!"

नवरा नंदकिशोर सरकारी कचेरीत हेडक्लार्क. शिकलेला माणूस. तो टोमणे मारत नसे. फक्त तिच्या शेजारी झोपत नसे.

१९९६च्या जानेवारीत सुचित्रा वाशीला डॉक्टर सामंतबाईंकडे गेली. नंदकिशोर सोबत आला, पण कुणी ओळखीचं बघेल म्हणून खालीच थांबला.

"हा महारोग नाही. कुणाला लागत नाही," डॉक्टरबाईंनी तिचं कोपर हाताने चाचपत सांगितलं. "शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा असते ना, ती चुकून तुमच्याच कातडीला डिवचते. महिन्याने बदलायची ती कातडी चार-पाच दिवसांत बदलते, म्हणून थर साचतात. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या त्या यंत्रणेला आवर घालतात. पण आठवड्यातून एकदाच, दर सोमवारी तीन. आणि रक्त तपासत राहायचं."

कागदावर त्यांनी लाल शाईने 'फक्त सोमवारी' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तीन-चार सोमवार गेले. चट्टे जरा फिकटले. तेवढ्यात नणंदेला, क्षिप्राला, नवीन पनवेलचं स्थळ सांगून आलं. मुलगा अभिराम, इंजिनिअर. पाहुणे तीन आठवड्यांनी येणार होते.

"ही अशी समोर आली तर माणसं चहा न घेता उठतील," बयाबाई म्हणाल्या. "आणि माहेरी पाठवली तर विचारतील, सून कुठाय?"

नंदकिशोरने तोडगा काढला. दुसऱ्या दुकानातून जास्तीच्या गोळ्या आणल्या.

"आजपासून रोज घ्यायच्या."

"अहो, पण बाईंनी सोमवारीच..."

"आठवड्यातून एकदा घेऊन एवढा फरक, मग रोज घेतल्या तर लवकर साफ होशील. साधं गणित आहे. का तुला क्षिप्राचं लग्न मोडायचंय?"

रोज सकाळी तो पाण्याचा पेला घेऊन उभा राही. तिने गिळल्याशिवाय ऑफिसला निघत नसे.

चट्टे गेले! पण जिभेखाली, ओठांच्या आत फोड आले. भाताचं शीतही झोंबू लागलं. "नखरे," बयाबाई म्हणाल्या. "लग्नघरात कुणी पाहायचे हिचे नखरे?"

पाहुणे आले. सुचित्राने पोहे दिले, चहा दिला, मान हलवली, हसली तीही ओठ मिटून. अभिरामची आई कौतुकाने म्हणाली, "सून किती कमी बोलते हो तुमची! असं वळण हल्ली बघायला मिळत नाही." सगळे हसले. सुचित्राने तोंडात आलेलं रक्त गिळलं. लग्न ठरलं.

तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. हॉस्पिटलात डॉक्टर सामंतबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "गोळ्या रोज घेत होती?" नंदकिशोरने खरं सांगितलं.

"कातडी भराभर वाढते, तसंच तोंडातलं अस्तर, आतडं, हाडांतला रक्त तयार करणारा मगजही वाढतो," त्या म्हणाल्या. "गोळ्या त्यालाही थांबवतात. मधले सहा दिवस सावरण्यासाठी असतात, साबळे. तेच तुम्ही काढून घेतलेत! आता साध्या जंतूशी लढायला तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी नाहीत."

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"तिच्या? तिचा आजार आवरता आला असता. लाज तुम्हाला वाटत होती. तुमच्या लाजेवरचं औषध तुम्ही तिला पाजलंत!"

उतारा म्हणून इंजेक्शनं दिली. उशीर झाला होता. सहाव्या दिवशी सुचित्रा गेली. शेवटची आंघोळ घालताना तिच्या अंगावर एकही चट्टा नव्हता. बयाबाई म्हणाल्या, "जाताना तरी कांती सुधारली."

तेराव्याला पनवेलचे लोक भेटायला आले. "एकाएकी काय झालं हो?" अभिरामच्या आईने विचारलं.

"कावीळ," बयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"खोटं आहे!" नंदकिशोर उठून उभा राहिला. "तिला सोरायसिस होता. तुमच्यापासून लपवायचा म्हणून मी तिला रोज गोळ्या खायला लावल्या. आठवड्याच्या गोळ्या, रोज. मी मारलं तिला!"

अभिरामची आई हळूच उठली, बसताना टेकलेली साडीची बाजू तिने झटकली. "आधी सांगायचंत. असलं दुखणं घरात..." अभिराम मान खाली घालून तिच्यामागे जिना उतरला.

"बहिणीचं वाटोळं केलंस!" बयाबाईंनी कपाळ बडवून घेतलं.

"मोडू दे लग्न," क्षिप्रा म्हणाली. "त्या दिवशी आत स्वयंपाकघरात वहिनीच्या दातांना रक्त लागलेलं मी पाहिलं होतं, आई. मीही गप्प बसले. दादाने एकट्याने नाही मारलं तिला."

बंधूंनो, भगिनींनो, सोरायसिस शिवल्याने लागत नाही. त्याच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच आणि सांगतील तेव्हाच घ्यायच्या असतात. जास्त घेतल्या की त्याच विष होतात. आजारी माणसाला लोकांपासून लपवू नका. एवढं शिकायला साबळ्यांना घरातलं एक माणूस मारावं लागलं. तुमच्या घरावर ती वेळ आणू नका!