संदुनीचा मऊ चेंडू

मित्रांनो, मी टेनिसचा एक जुना चेंडू आहे. अंगावरची पिवळी लव कधीच झडली. श्रीलंकेत, तंगल्लच्या किनाऱ्याजवळच्या एका शाळेत माझं आयुष्य गेलं, आणि ते सुखात गेलं.

मी आलो तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. मैदानावर सगळा मान लाल कातडी चेंडूचा. त्याच चेंडूने नऊ वर्षांच्या संदुनीचा ओठ फाटला, तीन टाके पडले. मग चेंडू येताना दिसला की ती डोळे मिटून घ्यायची. शेवटी तिने बॅटच सोडली.

कुसुमलता टीचरनी तिच्यासाठी मला खेळाच्या पेटीतून काढलं, त्या दिवशी संदुनीला घ्यायला तिचे वडील आले होते. उपाली त्यांचं नाव, रिक्षा चालवायचे.

"टीचर, हा काय कुत्र्यापुढे टाकायचा चेंडू! खेळायचं तर खऱ्या चेंडूने, नाहीतर बसू दे घरी."

टीचरनी लाल चेंडू उचलून त्यांच्याकडे फेकला. उपालींनी तो झेलला आणि हात मांडीवर चोळत राहिले.

"लागलं?"

"छे. जरासं."

"तुमच्या एका तळव्यात तिचे दोन्ही हात मावतात, उपालीभाऊ."

उपाली लेकीच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी मला उचललं, दाबून पाहिलं आणि स्वतःच तिला हळू टाकू लागले.

संदुनीने बॅट धरली, पण तीनदा डोळे मिटले. चौथ्यांदा मी उसळून तिच्या गालावर आपटलो. तिने गाल चाचपला.

"एवढंच? तात्ता, परत टाका," ती वडिलांना म्हणाली.

या वेळी तिचे डोळे उघडे होते. तिने मला असं टोलवलं की मी थेट नारळीच्या बुंध्यावर आदळलो. मार खाऊन इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

दोन वर्षांनी तिचे हात भरले, हेल्मेट आलं, पॅड आले, आणि ती लाल चेंडूकडे गेली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पेटीच्या तळाशी कुबट हातमोज्यांखाली पडून माझी उसळी गेली, मी आणखी मऊ झालो. एका सकाळी संदुनीनेच मला शोधून काढलं. मागे बालवर्गातली पोरं उभी होती.

"यांना हाच बरा," ती म्हणाली.

मित्रांनो, धाकट्यांना चेंडू देण्याआधी तो स्वतःच्या हाताने दाबून पाहा. भीती बसली की खेळ संपतो.

काल एका चिमुरड्याने मला पोटाशी धरून आयुष्यातला पहिला झेल घेतला. घरी जायची वेळ झाली तरी तो मला सोडेना.