निर्गुडीचा पाला आणि आठ लाडू

कल्याणात काळ्या तलावाच्या काठी त्या श्रावणात पाय ठेवायला जागा नव्हती. लंगडत आलेल्या बाया ताठ चालत परतत होत्या. पाल्याबाबा दुखऱ्या जागी निर्गुडीचा ऊन पाला बांधी, वर कणकेचा एक लाडू प्रसाद म्हणून देई आणि गरजे, "बारा वर्षं हिमालयात तप करून हा पाला सिद्ध केलाय! दुखण्या, चालतं हो!"

तीच निर्गुडी आमच्या खाडीच्या बांधावर गुरं तुडवतात.

माझी धाकटी बहीण मालन पोट धरून त्याच्याकडे निघाली. शेजारचे रुडॉल्फभाऊ दवाखान्यात मलमपट्टी करीत. ते म्हणाले, "बाय, आजच दवाखान्यात ने हिला." पण बाबाकडे तासाभरात कळ थांबली. मालन हसली, "ताई, बघ, गेलं!"

चौथ्या दिवशी तीच गेली.

"दुखणं म्हणजे राखणीचं कुत्रं," रुडॉल्फभाऊ म्हणाले. "त्याला गुंगी दिली म्हणून चोर जात नाही."

बाबा म्हणाला, "पोरीची श्रद्धा कमी पडली."

या शब्दांचा सूड घेईन, असं मी देवापुढे हात जोडून ठरवलं. देवानं क्षमा करावी. न केली तरी चालेल.

प्रदक्षिणा घालून माझेही गुडघे धरले होते. मालन जायच्या आधीपासून मीही बाबाकडे पाला बांधून घेई. पण चातुर्मासात मी धान्याचा कण खात नाही, म्हणून लाडू घरी डब्यात पडे. मला घटकाभर ऊब वाटे, इतकंच. शेजारच्या गोदूबाई मात्र लाडू खाऊन तिथंच डुलू लागत.

"गोदूबाई, एकादशीला तुम्हीही लाडू खात नाही ना? तेव्हा गुडघे कसे असतात?"

"अगं बाई! एकादशीला तर मेले ठणकतात!"

मग सहा बायका जमवल्या. तिघींनी बाबाकडून पाला बांधून घेतला, पण लाडू खाल्ला नाही. तिघींना बांधावरचा पाला मी बांधला, मंत्राशिवाय. सहाही जणींना सारखीच, घटकाभराची ऊब! रुडॉल्फभाऊंनी माझ्या डब्यातला लाडू फोडला, हुंगला, जिभेला लावला आणि ते थुंकले. "अफू."

कार्तिकात माझ्या व्रताचं उद्यापन होतं. साधू जेवल्याशिवाय व्रत पुरं होत नाही. भरल्या तलावकाठी आमंत्रण दिलं. बाबाला नाही म्हणता येईना. सारी आळी पंगतीला बसली. मी त्याच्या पानात डब्यातले त्याचेच आठ लाडू वाढले.

"पोट भरलं, माई."

"असं कसं, महाराज? आपलाच प्रसाद. घ्या ना."

"एक घेतो..."

"आठही घ्या. पान टाकलंत तर माझं व्रत मोडेल."

त्यानं पान पुढं लोटलं. "नको! आठ खाल्ले तर मरेन मी!"

गोदूबाई उसळल्या, "मेल्या, आणि आम्हांला चारत होतास?"

रुडॉल्फभाऊंनी लाडू फोडून सगळ्यांना हुंगायला दिला. बाबाच्या झोळीत अफूचा गोळाच निघाला, बिनपरवान्याचा. चौकीवरून बोलावलेले शिपाई त्याला नेताना मी हळूच म्हटलं, "श्रद्धा कमी पडली तुमची."

बायांनो, निर्गुडी खोटी नाही. ती देवानं दिली, आणि तिचा गुण पारखायची बुद्धीही त्यानंच दिली. देवाला हात जोडा, पण कळ थांबली म्हणजे रोग गेला असं समजू नका. पाल्याबरोबर पोटात काय गेलं, ते आधी विचारा. माझ्या मालनसाठी मी विचारलं नव्हतं.

बाबा आता ठाण्याच्या तुरुंगात दळण दळतो. खांदे फार दुखतात म्हणे. मी निर्गुडीचा पाला पाठवला आहे.

लाडू नाही पाठवला.